‘कार्यात बदल नाही’ : लिनक्स कर्नेलमधील स्वच्छता-पॅच आणि त्यांच्या परीक्षणाची चिकित्सा

प्रास्ताविक

मराठी ग्रंथव्यवहारात मुद्रितशोधक आणि समीक्षक या दोन भूमिका परस्परांपासून पुरेशा दूर ठेवल्या गेल्या आहेत. पहिला ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षरे आणि विरामचिन्हे पाहतो. दुसरा आशय, रचना आणि मूल्य यांविषयी बोलतो. एकाने दुसऱ्याच्या प्रांतात पाऊल टाकले तर ते सहसा रुचत नाही. लिनक्स कर्नेलच्या घडणीत मात्र ही वाटणी टिकत नाही. तेथे ओळीच्या शेवटी राहून गेलेली मोकळी जागा काढून टाकणारा बदलसुद्धा कोणा तरी जाणकाराच्या नजरेखालून जावा लागतो, आणि त्या जाणकाराला मुद्रितशोधकाच्या बारकाईने वाचून समीक्षकाचा निवाडा द्यावा लागतो. अशा अतिलहान बदलांचे परीक्षण हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

कर्नेल म्हणजे संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा. स्मृती, प्रक्रिया, फाइली आणि उपकरणे यांचे नियमन करणारा हा थर हेलसिंकी विद्यापीठात शिकत असलेल्या लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये ‘सी’ भाषेत लिहावयास घेतला आणि सर्वांसाठी खुला केला. आज त्याचा विस्तार तीन कोटी ओळींच्या पलीकडे गेला आहे. साधारणतः नऊ ते दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते आणि तीत दहा हजारांहून अधिक बदल सामावलेले असतात. प्रत्येक बदल ‘पॅच’च्या रूपाने येतो: काढावयाच्या ओळीपुढे उणे चिन्ह, घालावयाच्या ओळीपुढे अधिक चिन्ह, संदर्भासाठी आजूबाजूच्या दोन-तीन ओळी आणि सर्वांत वर बदलाचे कारण सांगणारे टिपण. काही पॅच नवे सामर्थ्य आणतात, काही दोष दूर करतात. तिसरा वर्ग स्वच्छतेचा आहे. ओळींचा समास नीट करणे, अनावश्यक कंस काढणे, टिपणांतील शुद्धलेखन सुधारणे, न वापरलेला चल वगळणे, जुन्या फंक्शनच्या जागी नवे योजणे, अशी त्याची कामे असतात.

या तिसऱ्या वर्गाविषयी दोन मते ऐकावयास मिळतात. नवागतासाठी ही उत्तम पहिली पायरी आहे, असे एक मत. जाणत्यांच्या वेळेचा हा अपव्यय आहे, असे दुसरे. मते परस्परविरोधी असली तरी दोहोंच्या बुडाशी एकच गृहीत आहे: असे बदल निरुपद्रवी असतात. हे गृहीत कितपत टिकते, हे पाहिल्याशिवाय दोहोंपैकी कोणत्याही मताला मोल देता येत नाही.

एका वाक्याचा भार

स्वच्छता-पॅचच्या टिपणात एक वाक्य पुनःपुन्हा आढळते. ‘कार्यात कोणताही बदल नाही’ अशा अर्थाचे ते विधान असते. वरवर पाहता ते नम्रतेचे वाटते. आपण काही मोठे केलेले नाही, असे लेखक सांगत आहे असा भास होतो. वस्तुतः हा फार मोठा दावा आहे. दोन भिन्न संहिता सर्व परिस्थितींत, सर्व यंत्रांवर, सर्व आदानांसाठी एकच वर्तन करतील, असे त्यात गर्भित असते. नवे सामर्थ्य आणणाऱ्या पॅचला एवढेच दाखवावे लागते की अमुक गोष्ट आता होते. स्वच्छता-पॅचला मात्र, पूर्वी होणारे सर्व काही अद्याप तसेच होते, हे दाखवावे लागते. सिद्धतेचा भार उलट लहान पॅचवर अधिक पडतो.

हा भार सर्वत्र सारखा नसतो. निव्वळ मोकळ्या जागा हलवणाऱ्या पॅचची कसोटी जवळजवळ यांत्रिक आहे. बदलापूर्वीची आणि नंतरची फाइल कंपायलरमधून काढावी आणि निर्माण झालेल्या यंत्रसंहितांची तुलना करावी. त्या तंतोतंत जुळल्या तर वाद संपला. येथेही एक मेख आहे. इशारा देणारी काही विधाने स्वतःचा ओळक्रमांक यंत्रसंहितेत नोंदवून ठेवतात. त्यामुळे एखादी कोरी ओळ काढली तरी पुढचे क्रमांक सरकतात आणि तुलना बिघडते. हे माहीत असलेला परीक्षक गोंधळत नाही. माहीत नसलेला मात्र घाबरून उत्तम पॅच परत पाठवू शकतो.

दुसरी पायरी एखाद्या फंक्शनच्या ज्ञात वर्तनावर आधारलेली असते. स्मृती परत करणाऱ्या ‘केफ्री’ या फंक्शनला रिकामा दर्शक दिला तर ते काहीही न करता परत येते. म्हणून ‘दर्शक रिकामा नसेल तरच केफ्री करा’ असे लिहिण्याचे कारण नाही आणि ती अट काढून टाकणे सुरक्षित ठरते. परीक्षकाला येथे पॅचबाहेरची एकच गोष्ट ठाऊक असावी लागते आणि ती सर्वज्ञात आहे. तिसऱ्या पायरीवर मात्र पॅचमध्ये दिसणाऱ्या सात-आठ ओळी पुरत नाहीत. ते फंक्शन कोण बोलावतो, कोणत्या अवस्थेत बोलावतो, परत आलेल्या मूल्याचे काय करतो, हे पाहण्यासाठी संहितेत दूरवर जावे लागते. अडचण अशी की बाहेरून तिन्ही पायऱ्यांवरचे पॅच सारखेच दिसतात. एक उणे ओळ, एक अधिक ओळ, आणि ‘कार्यात बदल नाही’.

नियमपुस्तिका आणि नियमयंत्र

कर्नेलची लेखनशैली सांगणारा एक दस्तऐवज मूळ संहितेसोबतच दिला जातो. तो टोरवाल्ड्स यांच्या खास सुरात लिहिलेला आहे. समास आठ अक्षरांचा असावा, असा आग्रह तो धरतो आणि त्याचे कारणही देतो: तीनपेक्षा अधिक पातळ्यांचा समास लागत असेल तर दोष समासाचा नसून आज्ञावलीच्या रचनेचा आहे. ग्नू प्रकल्पाची शैलीपुस्तिका छापून घ्यावी आणि जाळून टाकावी, अशी थट्टाही सुरुवातीलाच आहे. शासकीय शुद्धलेखन नियमांच्या पुस्तिकेत असे वाक्य शोधून सापडणार नाही! थट्टा बाजूला ठेवली तरी या दस्तऐवजाचे वैशिष्ट्य नजरेत भरते. तो नियमांसोबत कारणेही सांगतो, आणि कारण लागू नसेल तेथे नियम सोडण्याची मुभा त्यातच येते.

२००७ मध्ये या नियमांच्या तपासणीसाठी पर्ल भाषेतील एक आज्ञावली कर्नेलमध्ये दाखल झाली. तिचे नाव ‘चेकपॅच’. पॅच पाठवण्यापूर्वी तो हिच्यातून काढावा, अशी अपेक्षा असते. ती दोष, इशारा आणि सूचना अशा उतरत्या गांभीर्याने शेरे देते. तिच्याकडे मार्गदर्शक म्हणून पाहावे, मानवी निर्णयाचा पर्याय म्हणून नव्हे, असे कर्नेलच्या मार्गदर्शिकेतच म्हटले आहे. परंतु यंत्राने दिलेला शेरा आणि माणसाने दिलेला सल्ला यांत एक मानसशास्त्रीय फरक असतो. सल्ल्याचे कारण विचारता येते. शेरा केवळ मिटवावासा वाटतो. चेकपॅचचा परिणाम असा झाला की पॅच तपासण्यासाठी केलेली आज्ञावली पॅच शोधून देण्याचे साधन बनली. जुन्या, चालू असलेल्या फाइलीवर ती चालवायची, आलेल्या शेऱ्यांपैकी एक निवडायचा, ती ओळ बदलायची आणि टिपणात ‘चेकपॅचचा इशारा दूर केला’ असे लिहायचे, ही रीतच पडली. या टिपणात कारणाची जागा यंत्राच्या नावाने घेतलेली असते. परीक्षकाला मात्र बदलाचे कारण हवे असते, बदलाची प्रेरणा नव्हे.

नियम स्वतःही स्थिर नसतात. ओळ ८० अक्षरांच्या आत असावी, हा संकेत जुन्या पडद्यांच्या रुंदीतून आलेला. त्यापायी कित्येक वाक्ये मध्येच तोडली गेली आणि ती तोडणारे पॅच स्वच्छता म्हणून स्वीकारले गेले. मे २०२० मध्ये टोरवाल्ड्स यांनी या मर्यादेच्या अट्टहासाविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली आणि चेकपॅचमधील मर्यादा १०० अक्षरांवर नेण्यात आली. काल ज्या ओळी तोडणे ही शुद्धी होती, त्या जोडणे ही आज शुद्धी ठरू शकते. भर म्हणून प्रत्येक उपप्रणालीच्या स्थानिक चालीरीती असतात. नेटवर्क विभागात फंक्शनच्या आरंभी येणाऱ्या चलांच्या ओळी लांबीच्या उतरत्या क्रमाने लावतात. या रचनेला तेथे ‘उलटा नाताळवृक्ष’ म्हणतात. शेजारच्या विभागात हा दंडक नाही. तात्पर्य, शैलीचा शेरा द्यावयाचा तरी परीक्षकाला त्या गल्लीचा रहिवासी असावे लागते.

सारखे दिसणारे, सारखे नसलेले

‘कार्यात बदल नाही’ हे वाक्य कसे फसवते, याचे सर्वांत बोलके उदाहरण विलंबाच्या फंक्शनांचे आहे. एखाद्या उपकरणाला आज्ञा दिल्यानंतर काही मायक्रोसेकंद थांबावे लागते. ‘यूडिले’ हे फंक्शन प्रोसेसरला जागच्या जागी फिरवत ठेवून तो वेळ काढते. ‘यूस्लीप-रेंज’ हे फंक्शन तेवढ्या वेळापुरते प्रोसेसर दुसऱ्या कामाला मोकळा करून देते. दुसरा मार्ग अर्थातच काटकसरीचा, म्हणून चेकपॅच दहा मायक्रोसेकंद वा त्याहून मोठ्या विलंबासाठी तो सुचवतो. नवागत एक नाव काढून दुसरे घालतो. पॅच एका ओळीचा. कंपायलर तक्रार करीत नाही. वाचायलाही छान दिसतो. परंतु ती ओळ ‘स्पिनलॉक’ धरलेल्या अवस्थेत किंवा इंटरप्ट हाताळताना चालणारी असेल, तर तेथे झोपण्यास सक्त मनाई असते. कुलूप हातात घेऊन पहारेकरी निजला तर बाहेर ताटकळणाऱ्यांचे काय होईल, तेच येथे होते. यंत्र अडकून पडू शकते. ते कुलूप पॅचमध्ये कोठेच दिसत नाही. ते चार फंक्शने वर, कदाचित वेगळ्या फाइलीत घेतलेले असते. शिवाय ज्या उपकरणाचा हा ड्रायव्हर, ते उपकरण पॅच लिहिणाऱ्याकडे नसते आणि पुष्कळदा परीक्षकाकडेही नसते. अशा वेळी ‘उपकरणावर चाचणी केली आहे काय?’ हा एकच प्रश्न पुरेसा असतो. त्याचे उत्तर नकारार्थी असेल तर पॅच न घेणे हाच योग्य निवाडा होय.

दुसरे उदाहरण अक्षरमाला उतरवून घेण्याचे. ‘स्ट्रलकॉपी’ हे फंक्शन कर्नेलमधून हद्दपार करून त्याजागी ‘स्ट्रस्कॉपी’ आणण्याचे काम कित्येक वर्षे चालले आणि २०२४ मध्ये निघालेल्या ६.८ या आवृत्तीत जुने फंक्शन काढून टाकण्यात आले. उद्देश निर्विवाद होता. जुने फंक्शन मूळ अक्षरमालेची पूर्ण लांबी मोजत बसे, मग जागा कितीही थोडी असो. त्या मालेचा शेवटच नसेल तर ते भलत्या स्मृतीत जाऊन वाचू शके. नावे सारखी, आदाने सारखी, क्रमही सारखा. परत येणारे मूल्य मात्र वेगळे. जुने फंक्शन मूळ मालेची लांबी परत देई. नवे फंक्शन जागेत मावलेल्या अक्षरांची संख्या देते आणि माला मावली नाही तर ऋण मूल्याची त्रुटी देते. ज्या ठिकाणी ते मूल्य कोणी वापरत नाही तेथे अदलाबदल निर्धोक आहे. ज्या ठिकाणी त्या मूल्यावर पुढची अट बेतलेली आहे तेथे अर्थ पालटतो. म्हणून या मालिकेतील चांगल्या पॅचच्या टिपणात ‘परत येणारे मूल्य येथे वापरलेले नाही’ असे स्पष्ट नोंदवलेले असे. या एका वाक्याने परीक्षकाचे निम्मे काम हलके होते. कोणती गोष्ट तपासावी हे ते सांगते आणि लेखकाने ती तपासली आहे याची ग्वाहीही देते.

तिसऱ्या उदाहरणात तर एकच शब्द वाढतो. ऋण होऊ न शकणारी संख्या ठेवण्यासाठी चलाचा प्रकार ‘चिन्हरहित पूर्णांक’ करणे, हे सुबकतेचे लक्षण समजले जाते. परंतु त्रुटी आल्यावर आतापर्यंत घेतलेली साधने उलट्या क्रमाने परत करणारी आवर्तने ‘चल शून्य किंवा अधिक असेपर्यंत’ अशा अटीवर चालतात. चल चिन्हरहित झाला की तो शून्याखाली कधीच जात नाही. शून्यातून एक वजा केल्यावर तो प्रचंड मोठी संख्या बनतो. अट कायम खरी राहते आणि आवर्तन संपत नाही. हा दोष नेहमीच्या वापरात दिसतही नाही, कारण ती वाट त्रुटी आल्यावरच चालली जाते.

कर्नेलबाहेर, पण याच व्यवहारात, घडलेली एक घटना येथे टाळता येत नाही. डेबियन या लिनक्स वितरणात २००६ मध्ये ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या संग्रहातील दोन ओळी निकामी करण्यात आल्या. तपासणी करणारी साधने ‘आरंभमूल्य न दिलेली स्मृती वापरली जात आहे’ असा इशारा देत होती आणि तो थांबवणे हा हेतू होता. हेतू स्वच्छतेचा, बदल दोन ओळींचा. त्यांतील एका ओळीमुळे मात्र यादृच्छिकतेचा सारा साठाच आटला. प्रक्रियेचा क्रमांक तेवढा उरला. परिणामी प्रत्येक प्रकारच्या आणि लांबीच्या किल्लीसाठी अवघ्या बत्तीस हजारांच्या आसपास शक्यता शिल्लक राहिल्या. मे २००८ मध्ये हे उघडकीस आले, तोवर जवळजवळ दोन वर्षे तयार झालेल्या किल्ल्या अंदाजाने ओळखता येण्याजोग्या होत्या. येथे कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. इशारा आणि दोष यांत फरक असतो, एवढे एक भान सुटले होते.

याउलट, शैलीचा नियम पाळूनही घात होऊ शकतो. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलच्या सुरक्षित संपर्काच्या संहितेत ‘गोटू फेल’ ही ओळ चुकून दोनदा आल्याचे आढळले. दुसरी ओळ पहिलीच्याच समासात असल्याने ती अटीच्या आत वाटत होती. कंस नसल्यामुळे ती अटीबाहेर होती. तिच्यापुढची पडताळणी कधी होतच नव्हती. कर्नेलची शैलीपुस्तिका एकाच विधानाभोवती कंस घालू नयेत असे सांगते आणि असे कंस काढणारे पॅच वर्षानुवर्षे येत आहेत. त्या नियमाचे समर्थन करता येते, कारण उभी जागा वाचते आणि अधिक संहिता एका दृष्टिक्षेपात मावते. परंतु हा सौदा आहे, शुद्धी नव्हे. फसव्या समासाबद्दल इशारा देण्याची सोय ‘जीसीसी’ कंपायलरमध्ये २०१६ च्या सहाव्या आवृत्तीपासून आली, तेव्हा कोठे या सौद्यातील जोखीम कमी झाली.

पाठ आणि इतिहास

संहिता शुद्ध करण्याचा प्रश्न मराठी अभ्यासकाला नवा नाही. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा ग्रंथ मूळचा शुद्धच असून पाठांतरांमुळे तो अबद्ध झाला, अशी त्यांची भूमिका होती; आणि शुद्धी करून झाल्यावर पुढील कोणी त्यात आपली ओवी घालू नये, असा इशाराही दिला गेला. पाठचिकित्सेत कठीण पाठ सोपा करणारा लेखनिक संशयास्पद मानला जातो, तो याच जाणिवेमुळे. अवघड दिसणारी ओळ चुकीचीच असेल असे नाही. कर्नेलमधील विचित्र दिसणाऱ्या कित्येक ओळी एखाद्या सदोष चिपशी जुळवून घेण्यासाठी लिहिल्या गेल्या आहेत. निरर्थक वाटणारे एखादे वाचन उपकरणाला आधीची आज्ञा पोहोचल्याची खात्री करून घेण्यासाठी असते. त्या ओळीशेजारी टिपण नसेल तर तिची बाजू मांडणारा कोणी उरत नाही.

उरतो तो इतिहास. २००५ मध्ये टोरवाल्ड्स यांनीच रचलेल्या ‘गिट’ या प्रणालीत प्रत्येक ओळ शेवटी कोणी, केव्हा आणि कोणत्या कारणासाठी बदलली, हे पाहता येते. दोष शोधणारा अभियंता प्रथम तेथे जातो. समास बदलणारा पॅच त्या ओळीवर आपले नाव चढवतो आणि मूळ कारण एक थर खाली जाते. मोकळ्या जागांकडे दुर्लक्ष करण्याची सोय गिटमध्ये आहे. नावे बदलणाऱ्या, ओळी तोडणाऱ्या पॅचपुढे ती निरुपयोगी ठरते. जुन्या स्थिर आवृत्त्यांत सुरक्षेची दुरुस्ती नेणाऱ्यालाही याची झळ लागते, कारण मधल्या काळातील सजावटीमुळे त्याचा पॅच जुन्या संहितेवर बसत नाही. ही किंमत स्वच्छता करणाऱ्याला कधीच मोजावी लागत नाही. आणि काही अशुद्धी तर कायमच्या असतात. एखादे चुकीच्या वर्णलेखनाचे नाव वापरकर्त्यांच्या आज्ञावलींपर्यंत पोहोचले असेल तर ते सुधारता येत नाही, कारण चालू असलेली आज्ञावली मोडू नये हा कर्नेलचा सर्वोच्च संकेत आहे.

परीक्षकाचा वेळ

समासाचा पॅच पाच मिनिटांत लिहिता येतो. विलंबाच्या फंक्शनाचाही तितक्याच वेळात. परीक्षकाला पहिल्यासाठी दोन मिनिटे आणि दुसऱ्यासाठी अर्धा दिवस लागतो. या विषमतेवर उपाय म्हणून २००८ मध्ये ग्रेग क्रोहा-हार्टमन यांच्या पुढाकाराने ‘स्टेजिंग’ हा स्वतंत्र विभाग निर्माण झाला. चालू असलेले परंतु दर्जाला न उतरणारे ड्रायव्हर तेथे ठेवावयाचे, प्रत्येकासोबत करावयाच्या कामांची यादी द्यावयाची आणि नवागतांनी तेथे हात बसवावा, अशी ती योजना. आऊटरीची या उपक्रमातील उमेदवारांचे पहिले पॅच याच विभागात पडत आले आहेत आणि भारतातील विद्यार्थीही या दाराने कर्नेलमध्ये शिरले आहेत. पॅच कसा पाठवावा, टिपण कसे लिहावे, एका पॅचमध्ये एकच बदल का करावा, शेरा आल्यावर दुसरी आणि तिसरी आवृत्ती कशी द्यावी, ही शिस्त तेथे मिळते. ती पुस्तकातून मिळत नाही. स्टेजिंगचे हे श्रेय मान्य केले पाहिजे.

परंतु शाळा म्हणून उभारलेल्या विभागात जे शिकवले जाते तेच पुढे इतरत्र केले जाते. स्टेजिंगमध्ये पाच शेरे मिटवलेला विद्यार्थी मुख्य प्रवाहातील, वीस वर्षे बिनतक्रार चाललेल्या फाइलीवर चेकपॅच चालवतो आणि आपण आणखी एक उपकार करीत आहोत असे समजतो. स्वीकृत पॅचची संख्या ओळखपत्रासारखी वापरली जाऊ लागली की या प्रवृत्तीला आणखी जोर येतो. संख्येने गुणवत्ता मोजली असता नेमके काय वाढते, हे २०१० च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमावलीतील एपीआय गुणांकांचा अनुभव घेतलेल्या प्राध्यापकवर्गाला समजावून सांगण्याचे कारण नाही. २०२४ मध्ये नेटवर्क विभागाने आपल्या मार्गदर्शिकेत भूमिका लेखी नोंदवली: दुसऱ्या एखाद्या कामाचा भाग नसलेले, केवळ चेकपॅचचे शेरे मिटवणारे वा चलांचा क्रम लावणारे पॅच येथे नकोत, त्यांतून होणारी उलथापालथ लाभापेक्षा महाग पडते. शुद्धलेखन आणि व्याकरणाच्या दुरुस्त्यांना मात्र हरकत नाही. ही सीमारेषा विचारपूर्वक आखलेली आहे. टिपणातील शब्द सुधारल्याने वाचकाचा फायदा होतो आणि यंत्राला त्याचा पत्ताही लागत नाही. तरीही तीत एक उणीव जाणवते. नको असलेल्या पॅचची यादी तेथे आहे. परंतु स्वच्छता-पॅचने समानतेचा पुरावा कोणत्या रूपात द्यावा, हे तेथे सांगितलेले नाही. यंत्रसंहितांची तुलना केली, सर्व आवाहने पाहिली, उपकरणावर चालवून पाहिले, यांपैकी एक वाक्य टिपणात सक्तीचे केले असते तर कित्येक पॅच लिहिले जाण्यापूर्वीच थांबले असते आणि उरलेल्यांचे परीक्षण सोपे झाले असते.

परीक्षक कशाची ग्वाही देतो, हे कर्नेलने पुरेसे नेमके करून ठेवले आहे. ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही २००४ पासूनची ओळ पॅच देण्याच्या अधिकाराविषयी बोलते. ‘अ‍ॅक्ड-बाय’ ही संमती आहे. ‘रिव्ह्यूड-बाय’ मात्र प्रतिज्ञापत्राच्या जवळ जाते: आपण तांत्रिक परीक्षण केले, शंका लेखकाला कळवल्या, उत्तरांनी समाधान झाले, बदल कर्नेलला हितकारक आहे असे आपले मत झाले, मात्र तो निर्दोष असल्याची हमी आपण देत नाही. यातील ‘हितकारक’ हा शब्द महत्त्वाचा. बिनचूक परंतु निरर्थक पॅच या कसोटीवर उतरत नाही. व्यवहारात मात्र लहान पॅचवर ही ओळ सढळ हाताने दिली जाते, जणू ‘वाचला, बरा आहे’ एवढाच तिचा अर्थ. नकार देण्याचा सूरही येथे विचारात घ्यावा लागतो. सप्टेंबर २०१८ मध्ये टोरवाल्ड्स यांनी आपल्या कठोर भाषेबद्दल दिलगिरी व्यक्त केली आणि कर्नेलने आचारसंहिता स्वीकारली. त्यानंतर सौम्य नकार ही अपेक्षा बनली. सौम्यपणे नाही म्हणावयाचे तर कारण द्यावे लागते आणि त्याला अधिक वेळ लागतो. विषमता त्यामुळे वाढली, घटली नाही. तरीही हा खर्च रास्त मानावा लागेल, कारण कारणासहित मिळालेला नकार नवागताला पुढच्या पॅचसाठी उपयोगी पडतो.

लहान पॅचवरील विश्वासाची परीक्षा दोनदा जाणूनबुजून घेतली गेली. नोव्हेंबर २००३ मध्ये कर्नेलच्या एका दुय्यम भांडारात कोणी तरी दोन ओळी घुसवल्या. त्यात तुलनेच्या दोन बरोबर-चिन्हांऐवजी एकच चिन्ह होते. त्यामुळे तुलना न होता, ठरावीक पर्याय देणाऱ्याला सर्वाधिकारी बनवले गेले असते. हा बदल कोणाच्या परीक्षणातून गेला नव्हता. मुख्य भांडारात त्याची उत्पत्ती नोंदलेली नसल्यामुळेच तो पकडला गेला. दुसरा प्रसंग मिनेसोटा विद्यापीठातील संशोधनाचा. ऑगस्ट २०२० मध्ये काही संशोधकांनी बनावट नावांनी, दोषदुरुस्तीचा आव आणणारे परंतु दोष पेरणारे छोटे पॅच परीक्षणासाठी पाठवले. एप्रिल २०२१ मध्ये प्रकरण चिघळले, त्या विद्यापीठाचे पॅच घेणे थांबवण्यात आले आणि शोधनिबंध मागे घेतला गेला. लिनक्स फाउंडेशनच्या तांत्रिक सल्लागार मंडळाने मे २०२१ च्या अहवालात म्हटले की सदोष पॅच परीक्षकांनी अडवले वा दुर्लक्षिले होते. या प्रकरणात विद्यापीठातून पूर्वी आलेले ४३५ बदल मात्र पुन्हा तपासावे लागले. त्यांतील बहुसंख्य योग्य निघाले. परीक्षकांची संमती न घेता त्यांच्यावर केलेला हा प्रयोग होता, आणि त्यांच्या वेळाला कोणी मोल दिले नव्हते, हा त्यातील खरा आक्षेपाचा मुद्दा. चारशेहून अधिक बदलांच्या फेरतपासणीत गेलेले तास परत मिळाले नाहीत.

परीक्षणाचा भार कमी करण्याचा एक मार्ग फ्रान्समधील इन्रिया या संस्थेतील ज्युलिया लॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रचलेल्या ‘कॉक्सिनेल’ या साधनाने दाखवला. त्यात बदलाचा नियम एकदाच लिहिला जातो. अमुक रचना दिसली आणि मध्ये अमुक घडत नसेल, तर तिच्याजागी तमुक, असे त्याचे स्वरूप असते. मग तो नियम संपूर्ण कर्नेलवर चालवला जातो. परीक्षकाला दोनशे पॅचऐवजी आठ-दहा ओळींचा नियम वाचता येतो आणि तो पटला तर उरलेले काम नमुन्यादाखल पाहणे एवढेच राहते. केफ्रीपुढची अनावश्यक अट काढणारा असा नियम कर्नेलसोबतच मिळतो. चेकपॅच अक्षरे वाचतो, कॉक्सिनेल रचना वाचते. आणि अपवाद कोठे आहेत हे नियमातच लिहावे लागत असल्याने लेखकाला विचार टाळता येत नाही. अर्थात कुलूप कोणी चार फंक्शने वर घेतले आहे, हे त्यालाही सहज कळत नाही.

आर८१८८ईयू या वायरलेस उपकरणाच्या ड्रायव्हरचा वृत्तांत येथे नोंदवण्याजोगा आहे. रिअलटेक कंपनीच्या संहितेवर आधारलेला हा ड्रायव्हर स्टेजिंगमध्ये होता. २०२१ मध्ये त्याची नवी प्रत तेथे आणली गेली आणि तिच्यावर नवागतांनी व अनुभवी स्वयंसेवकांनी स्वच्छतेचे पॅच मोठ्या संख्येने रचले. समास सुधारले, नावे बदलली, न वापरलेली फंक्शने गेली. प्रत्येक पॅच कोणी तरी वाचला, प्रत्येकावर कोणाची तरी सही पडली. २०२३ मध्ये निघालेल्या ६.३ या आवृत्तीत हा ड्रायव्हर काढून टाकण्यात आला. त्याच चिपला आता आरटीएल८एक्सएक्सएक्सयू हा दुसरा ड्रायव्हर चालवू लागला होता, आणि तो वाढला होता स्टेजिंगच्या बाहेर, नेटवर्क विभागात.